ताईची अट

ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. बरीच वर्षं म्हणत होते. मग तिची धाकटी बहीण तिथेच नोकरीला लागली, पहिल्या दिवशी दारातूनच "ताई, तू कुठे बसतेस गं?" अशी हाक मारत आत आली, आणि आठवड्याभरात मॅडमची ताई झाली. टेस्टिंगवाला ताई म्हणू लागला, चहाच्या मावशी ताई म्हणू लागल्या, वयाने तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा एकदा मीटिंगमध्ये "हे ताईंना विचारा" म्हणून गेले. सगळे हसले. ताईही हसली. पण कुणीतरी खुंटीवरून आपला हुद्दा काढून नेला आणि त्या जागी नातं टांगलं, असं जे तिला वाटलं ते काही गेलं नाही.

कंपनी लहान. गालिच्यांच्या दुकानाच्या वरचे दोन मजले. तिथे फायली साठवायच्या पेट्या बनत. बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी पेटी, आत डिस्क, बाहेर एक हिरवा दिवा. दवाखाना, छापखाना, वकिलाचं ऑफिस, अशा ठिकाणी एका कोपऱ्यात ती ठेवून दिली की तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या फायली तिच्यात राहतात आणि जो तो आपापल्या टेबलावरून त्या उघडतो. पेटीचा सांगाडा, तारा, पंखे हे बाकीच्यांचं काम. आत जो सर्व्हर चालतो, म्हणजे फायली देण्याघेण्याचा सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम, तो ताईचा. तिने तो लिहिला तेव्हा कंपनीत माणसं इतकी कमी होती की सगळी एका टेबलाभोवती जेवत.

त्यातला एक भाग तिचा विशेष लाडका होता. एखादा कॉम्प्युटर पेटीशी पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा दोघांचं आधी बोलणं होतं. कॉम्प्युटर विचारतो, तुला काय काय येतं? पेटी सांगते, मला मोठ्या फायली पेलतात. एकजण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवून धरता येतं. मजकूर गुप्त करून पाठवता येतो. तू फायलीची एक प्रत स्वतःजवळ ठेवलीस तरी चालेल, कुणी ती बदलली तर मी तुला कळवीन. कॉम्प्युटर ह्या उत्तरावर विसंबून पुढे वागतो. त्यामुळे येत नाही ते येतं म्हणून सांगितलं, की फायली बिघडल्याच म्हणून समजा.

हे उत्तर ताईच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला एकाच जागी तयार होत असे. मग बोलण्याची नवी पद्धत आली, तिच्यासाठी दुसरीकडे भर पडली. कुणा गिऱ्हाइकाचं यंत्र जुनं निघालं, त्याच्यासाठी तिसरीकडे एक अट आली. डिस्कचे प्रकार वाढले, तसतशी आणखी कुठेकुठे ठिगळं लागत गेली. कुठलं ठिगळ कशासाठी आहे हे फक्त ताईला ठाऊक. हे बरं नाही, कधीतरी आवरायला हवं, असं ती स्वतःच म्हणायची. पण अडलं की सगळे तिच्याच खुर्चीशी येऊन उभे राहतात, हे तिला मनातून आवडत होतं. कुणाला आवडणार नाही?

धाकटीचं घरातलं नाव छकुली. चाळिशीला टेकलेल्या बाईला कुणी छकुली म्हणू नये, पण आईने सुरू केलं आणि ते चिकटलं. लहानपणी ताईने घासून घासून पहिला नंबर काढायचा आणि छकुलीने खेळता खेळता दुसरा. घरात कौतुक व्हायचं ते खेळता खेळताचं. "हिने मनावर घेतलं असतं तर!" आई म्हणायची, आणि ज्या मुलीने मनावर घेतलं होतं ती समोरच पुस्तक उघडून बसलेली असायची.

छकुली एका मोठ्या कंपनीत होती. तिथे तिचा अख्खा विभाग बंद झाला. आई राहायची ताईकडे. ती म्हणाली, "तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे ना? मग टाक की शब्द."

ताईने शब्द टाकला. साहेबांना म्हणाली, "चांगली आहे. शिकेल हळूहळू." बहीण आपल्या हाताखाली काम करणार, ही कल्पना तिला तशी वाईट वाटली नव्हती. पण मुलाखत घेऊन साहेब बाहेर आले ते असे फुलून, की ताईला तेव्हाच काहीतरी खटकलं.

पुढे थोड्याच दिवसांत एक तक्रार आली. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात जुन्या डिस्कवरच्या फोल्डरबद्दल पेटी म्हणाली, मला थांबवून धरता येतं. त्या डिस्कवर ते येत नव्हतं. दोघांनी एकाच नकाशावर एकाच वेळी काम केलं आणि नकाशाचा चुथडा झाला. चूक ताईच्याच एका ठिगळाची. तिने ती दुपारपर्यंत दुरुस्त केली, पण साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"हे असं किती दिवस चालायचं?" साहेब म्हणाले. "आपल्याला काय येतं हे सांगणारा सगळा भाग नव्याने बांधायचा. ज्या डिस्कला जे येतं ते तिनेच सांगायचं, आणि त्यावरून उत्तर एकाच जागी तयार व्हायचं. मध्ये कुणाची स्मरणशक्ती नको."

ताई सरसावून बसली. हे काम तिचंच, ह्यात विचारायचं काय! साहेबांनी हातातलं पेन तिच्या शेजारच्या खुर्चीकडे रोखलं.

"तुम्ही करा," ते छकुलीला म्हणाले. "जुना पसारा नव्या डोळ्यांना बरोबर दिसतो. तपासायला ताई आहेतच."

पसारा! तो एक शब्द ताई घरी घेऊन आली. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतं की ते?" विचारून त्याला शांतपणे ऐकायची सवय झाली होती.

"माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिने डबे लावायचे," ताई म्हणाली, "आणि मी दारात उभं राहून छान हो छान म्हणायचं."

"पण आवरायला हवं असं तूच म्हणत होतीस ना?"

"मी म्हणत होते. मी म्हणायचं ते साहेबांनी कशाला म्हणावं?"

ह्यावर त्याच्याजवळ कुठल्याच नंबरची काच नव्हती.

छकुली कामाला लागली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई कुणाला बोलून दाखवू शकत नव्हती, कारण कान तिचाच होता. दर रविवारी छकुली ताईकडे जेवायला यायची. आई मुद्दाम तिच्या शेजारची खुर्ची धरायची.

"म्हणे तुमचं सगळं ऑफिस हीच नव्याने लिहितेय?" आईने एकदा विचारलं.

"सगळं नाही गं," छकुली म्हणाली. "ताईने जे केलंय तेच मी नीट लावतेय."

"नीट लावणंच अवघड असतं," आई म्हणाली, आणि ताईकडे वळून, "जरा मीठ दे गं."

ताईने मीठ दिलं.

कंपनीतला नियम असा, की एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जायचा नाही. छकुलीचं काम मंजूर करणार ताई. तिने एकेक ओळ भिंगाखाली धरली. हे नाव लांब आहे. इथे एक जागा जास्त सुटली आहे. हे दोन भाग वर-खाली करा. बहिणीला "करा" लिहिताना तिला बरं वाटायचं. छकुली प्रत्येक सूचनेखाली "हो ताई" लिहायची आणि तासाभरात बदल करून पाठवायची. भांडली असती तर बरं झालं असतं. "हो ताई" वाचून ताईचा तिळपापड व्हायचा.

टेस्टिंगवाल्याला ऑफिसात शंकासुर म्हणत. तो एक दिवस ताईच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, ह्या वेळी तुम्ही रिकाम्या जागेवरसुद्धा शंका काढलीय. माझ्या पोटावर पाय देताय का?"

"चूक ती चूक," ताई म्हणाली.

"चूक दिसली की मलाही दाखवा," तो म्हणाला आणि निघून गेला.

सुट्टीच्या एका दुपारी आई झोपली होती, नवरा दुकानात होता. ताईने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मोठी चूक शोधायचीच म्हणून छकुलीचं सगळं काम पहिल्यापासून वाचायला घेतलं. वाचता वाचता ती मागे रेलली. डिस्क स्वतःपुरतं सांगत होती, फोल्डर डिस्कला विचारत होतं, समोरचा कॉम्प्युटर कुठल्या पद्धतीने बोलतो ते बघून हवं तेवढंच उत्तर जात होतं. नवीन काही येऊ लागलं तर एका जागी एक ओळ घालायची, बस. काम इतकं सरळ होतं की ते आधीपासून असंच असायला हवं होतं असं वाटावं. हे मला का सुचलं नाही? ती वाचत राहिली आणि तिला आनंद होत गेला, कारण चांगलं काम तिला कळत होतं. आणि तेवढ्याचसाठी पोटात कळही येत होती. वाईट काम असतं तर दोन्ही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी छकुली चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आली.

"ताई, एक अट सापडलीय. अमुक खुणेचं यंत्र असेल तर 'प्रत जवळ ठेव, मी कळवीन' हे त्याला सांगायचंच नाही, अशी. कशासाठी आहे गं? अजून लागते का?"

ताईला पक्कं ठाऊक होतं. ती एका छापखान्याची गोष्ट. तिथे पुस्तकाची पानं जुळवणारी जुनी, भक्कम यंत्रं होती. ती फायलीची प्रत आनंदाने जवळ ठेवत, पण "फाइल बदलली" असं पेटीने कळवलं की कानाडोळा करत. मग एकाने सुधारलेल्या पानावर दुसऱ्याचं जुनं पान बसे. कुणाला उलगडा होत नव्हता. ताई तिथे आठवडाभर त्या यंत्रांच्या खडखडाटात बसली होती आणि तिने ते शोधून काढलं होतं. छापखान्याच्या मॅनेजरबाईंनी तिचा हात हातात घेतला होता. तिच्या आयुष्यातली ती एक अभिमानाची गोष्ट. फक्त अट घालताना कारण लिहायचं राहून गेलं होतं.

ती म्हणाली, "आठवत नाही बाई. बघ, तुला काय वाटतं ते कर."

छकुली क्षणभर तिच्याकडे बघत उभी राहिली. मग "बरं" म्हणून गेली. ताईच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. आत्ता उठून सांगता येईल, असं तिला वाटलं. जेवायच्या सुट्टीत वाटलं. संध्याकाळी पर्स उचलतानाही वाटलं. छकुलीचं काम मंजुरीला आलं, तेव्हा त्या अटीच्या जागेशी येऊन ताई थांबली आणि पुढचं तिने वाचलं नाही. सगळ्याला एकदम मंजुरी देऊन टाकली. न बघता मंजूर केलं म्हणजे आपला त्यात हात नाही, असा काहीतरी हिशोब तिने मनाशी केला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही स्वतःपासून.

शंकासुराने सगळं तपासलं. पण तसलं जुनं यंत्र त्याच्या खोलीत नव्हतंच, त्यामुळे त्याला काही दिसण्याचा प्रश्न नव्हता. नवा प्रोग्रॅम गिऱ्हाइकांकडे गेला. साहेबांनी केक मागवला आणि पहिला तुकडा छकुलीला दिला.

ताई वाट बघू लागली. फोन वाजला की तिचा जीव वरखाली व्हायचा, आणि त्यात भीती किती नि आशा किती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. छापखान्याचा फोन येईल. साहेब छकुलीला आत बोलावतील. मग कुणीतरी म्हणेल, हे तर ताईंनाच विचारायला हवं. इथपर्यंत तिला सगळं स्वच्छ दिसायचं. पुढचं ती बघायची नाही.

फोन आला खरा. मॅनेजरबाई म्हणाल्या, "नवीन टाकलंत ना? शाळेच्या नकाशांचं मोठं पुस्तक सुरू आहे. एकदा येऊन नजर टाकून जा, म्हणजे मी निर्धास्त." काही बिघडलं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. साहेबांनी दोघी बहिणींना पाठवलं.

छापखाना गावाबाहेर, उंच छपराचा. शाईचा आणि गरम कागदाचा वास. जुनी यंत्रं अजून तिथेच होती, एका ओळीत. मॅनेजरबाईंनी ताईला ओळखलं, छकुलीकडे बघून "ह्या बहीण का? तोंडावळा तोच," म्हणाल्या.

ताईने स्वतःच तपासायला घेतलं. एका यंत्रावर एक पान उघडलं, त्यात नदीची निळी रेघ होती. मग दुसऱ्यावर तेच पान उघडून रेघेचा रंग बदलला आणि साठवलं. पुन्हा पहिल्याशी आली. आता ह्यावर साठवलं की जुनी रेघ परत येणार. तिने बटण दाबलं. यंत्र थबकलं, आणि पान बदललं आहे, पुन्हा उघडा, असं शहाण्यासारखं म्हणालं. तिने दुसरं यंत्र घेतलं, मग तिसरं. सगळं बरोबर.

आणि तिला काय वाटलं? तिची निराशा झाली. एका छापखान्याचं पुस्तक बचावलं, शेकडो मुलांच्या नकाशातल्या नद्या जागच्या जागी राहिल्या, आणि ती तिथे उभी राहून हिरमुसली. स्वतःची तिला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

परतताना गाडी छकुली चालवत होती.

"ती अट तू काढली नाहीस," ताई म्हणाली.

"नाही."

"मी म्हटलं होतं, मला आठवत नाही."

"तुला आठवत नाही असं काही असतं का, ताई? मला चौथीत भूगोलात किती पडले ते तुला अजून आठवतं." छकुलीने समोरची नजर हलवली नाही. "तू अट उगाच घालणार नाहीस, एवढं मला माहीत होतं. म्हणजे कारण होतं. आणि कारण असून तू सांगितलं नाहीस. तेही कळलं."

ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

"मी नवीन आहे तिथे," छकुली म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "ती अट मी काढली असती, आज त्यांचं पुस्तक नासलं असतं, तर माझी ही नोकरीसुद्धा गेली असती. हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. सिग्नल लाल होता.

"हो," ताई म्हणाली.

मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले तेव्हा छकुलीने गाडी पुढे काढली. ताईला तिच्या घराशी सोडताना ती वर आली नाही. त्या रविवारी जेवायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"काय झालंय तुमच्यात?" आईने विचारलं. "तू काही बोललीस का तिला?"

"नाही," ताई म्हणाली. "बोलायला हवं होतं ते बोलले नाही."

आईला ह्यातलं काही कळलं नाही. पण तिने छकुलीची बाजू घेतली नाही. उठून ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षांत असं कितीदा झालं होतं कोण जाणे. ताईला रडूच आलं, आणि रडताना मनात आलं, हे छकुलीने बघायला हवं होतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काय खोटं?

सोमवारी ती आपली खुर्ची ओढत छकुलीच्या टेबलाशी गेली. सगळं ऑफिस बघत होतं.

"बाकीच्या अटी सांगते," ती म्हणाली. "प्रत्येकीचं कारण सांगते. तिथल्या तिथे प्रोग्रॅममध्ये लिहून टाक, म्हणजे पुन्हा कुणाला मला विचारावं लागणार नाही."

शेवटचे शब्द तोंडातून काढणं तिला जड गेलं. छकुलीने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. दोघी बसल्या. एका दवाखान्याच्या यंत्राला फायलीच्या नावातला मोठं अक्षर-छोटं अक्षर हा फरक कळत नव्हता. कुठल्या तरी कॅमेऱ्याला लांबलचक उत्तर मिळालं की तो गुदमरायचा. काही अटींची गिऱ्हाइकंच केव्हाच निघून गेली होती. त्या ताईने स्वतः पुसल्या. पुसताना एखाद्या जुन्या साडीची घडी मोडावी तसा तिचा हात थांबायचा, पण ती पुसायची.

पहिले काही तास छकुली फक्त कामापुरतं बोलली. मग त्या कॅमेऱ्याच्या अटीशी तिने विचारलं, "हे कसं शोधलंस तू?"

ताईने सांगितलं. ती अशी सांगत होती की शंकासुर आपला चहा घेऊन येऊन उभा राहिला आणि साहेबही दारात थांबले.

"हे मला कधी सापडलं नसतं," छकुली म्हणाली. "खरंच." आणि मग पुटपुटली, "म्हणून रागही जात नाहीये."

"राहू दे," ताई म्हणाली. "हळूहळू जाईल."

वर्षाच्या शेवटी ह्या धंद्यातल्या लोकांचा एक मेळावा भरतो. पेट्या बनवणारे आपापल्या पेट्या आणतात, त्यांच्याशी बोलणारे प्रोग्रॅम बनवणारे आपापले कॉम्प्युटर आणतात, एका मोठ्या हॉलमध्ये सगळं एकमेकांना जोडून बघतात, आणि कुणाचं कुणाशी जमत नाही ते तिथेच कळतं. कंपनीतून एकानेच जायचं होतं. साहेबांनी ताईला विचारलं, "कोणाला पाठवायचं ते तुम्हीच सांगा."

आता ताई सुधारली, तिने बहिणीचं नाव घेतलं, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, "मी जाते." छकुलीचा चेहरा पडला. काम तिचं होतं. ह्या वेळी पोटात कोणाच्या दुखत होतं ते सगळ्यांना दिसलं. ताईला ते दिसलं आणि, काय सांगावं, थोडं बरंही वाटलं.

हॉल मोठा होता. लांबच लांब टेबलं, जमिनीवर चिकटपट्टीने दाबलेल्या तारा, गळ्यात पाट्या अडकवलेली माणसं. ताईची पेटी भिंतीच्या कडेला. दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या दाढीचा इंजिनिअर आपला लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या कंपनीचा प्रोग्रॅम म्हणे अर्ध्या जगातल्या पेट्यांशी बोलतो. त्याने जोडून पाहिलं. पेटीने काय काय येतं ते सांगितलं. मग त्याने खोडसाळपणे एक फोल्डर जुन्या डिस्कवर नेलं आणि पुन्हा विचारलं. पेटीने त्या फोल्डरपुरतं उत्तर बदललं. त्याने आणखी काही करून पाहिलं, दाढी खाजवली.

"इथल्या बऱ्याच पेट्या ह्या ठिकाणी थापा मारतात," तो म्हणाला. "तुमची मारत नाही. आतून कसं केलंय?"

ताईने दाखवलं. कोपरान् कोपरा तिला पाठ होता.

"सुरेख!" दाढीवाला म्हणाला. "हे तुम्ही लिहिलंत?"

ताईची मान हलली. तिने हलवली असं म्हणवत नाही, पण ती वरून खाली हलली हे खरं. दाढीवाल्याने शेजारच्या दोघांना बोलावलं, "हे बघा, ह्यांनी काय केलंय." ताईने त्यांनाही समजावून सांगितलं. कितीतरी वर्षांत तिचं असं बाहेरच्या कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या गालांवर रंग चढला.

जेवायच्या वेळी तिने ताट वाढून घेतलं आणि समोर ठेवून बसून राहिली. इथे कुणाला कळणार होतं? छकुली शेकडो मैलांवर. दाढीवाला पुन्हा आयुष्यात भेटायचा नाही. ती उठली, ताट तसंच ठेवलं, आणि त्याला शोधायला निघाली.

तो एका टेबलाखाली वाकून तार जोडत होता. ती उभी राहिली. तो बाहेर येईपर्यंत थांबावं लागलं, आणि त्यात तिचं अर्धं बळ गेलं.

"मघाशी तुम्ही विचारलंत, ते काम माझं नाही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं आहे. धाकट्या. मी मान हलवली, ती चुकून... चुकून नाही. पण तिचं आहे."

"असं होय?" दाढीवाला गुडघे झटकत म्हणाला. त्याला ह्यात फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. "मग तुमचं काय?"

"त्याच्या आधीचं. ज्याच्या जागी हे आलं ते."

"आणि त्या जुन्या यंत्रांच्या अटी? कारणं लिहिलेल्या?"

"त्या माझ्या."

"त्याही चांगल्या आहेत," तो म्हणाला. ताईला थोडी उभारी आली. तेवढ्यात त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. "बहिणीचा ई-मेल टाकता का ह्यात? पुढच्या वर्षी ही बोलण्याची पद्धतच आम्ही काहीजण मिळून सुधारणार आहोत. त्यांना घ्यायला आवडेल."

ताईच्या पोटात तीच जुनी कळ उठली, अगदी ओळखीची. तिने फोन हातात घेतला. छकुलीच्या पत्त्यात मध्येच एक टिंब आहे, ते सगळे विसरतात आणि पत्र भलतीकडे जातं. ताईने ते टिंब घातलं. एकदा वाचून पाहिलं.

मग त्याच्या खाली तिने स्वतःचाही पत्ता लिहिला. तो कुणी मागितला नव्हता. तिने लिहिला, आणि फोन परत केला.